‘रुगर ओन्ली’ पान तुझ्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणाऱ्या एका तरुणाने .४५ कोल्ट काडतुसाचं सिंगल ॲक्शन, म्हणजे दर वेळी अंगठ्याने घोडा ओढायचं, रिव्हॉल्व्हर घेतलं. जुन्या कोल्टच्या धर्तीवर इटलीत बनलेलं, जुनंच पण निगा राखलेलं. वर्षभर तो घरी स्वतःच काडतुसं भरतोय, म्हणजे उडवलेल्या पितळी नळकांड्यात (आम्ही त्याला नुसतं ‘पितळ’ म्हणतो) नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी, दारू आणि गोळी बसवतो. भरणीच्या पुस्तकात .४५ कोल्टची दोन वेगळी पानं आहेत. एक साधं, आणि दुसऱ्याच्या माथ्यावर छापलंय की ही भरणी फक्त रुगर ब्लॅकहॉक आणि थॉम्पसन सेंटर काँटेंडर या दणकट बंदुकांसाठी. तेच ‘रुगर ओन्ली’ पान. याने त्या दुसऱ्या पानावरची दारूची सुरुवातीची मात्रा घेऊन पन्नास काडतुसं भरली आणि त्यातली सहा उडवली. पुढे लिहितो, “काका, प्रायमर सपाट झाले नाहीत, पितळ बोटाने सहज बाहेर आलं, रिव्हॉल्व्हरला ओरखडासुद्धा नाही. मग अजून अर्धा ग्रेन दारू वाढवायला काय हरकत आहे? कंपन्या दुप्पट ताकदीचंच बनवतात ना?”

काका म्हणालास, म्हणून ‘तू’ म्हणतो आणि सरळ बोलतो. उरलेली चव्वेचाळीस उडवायची नाहीत. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो. आणि ज्या तीन गोष्टी तू पुरावा म्हणून दिल्यास, त्यांतली एकही पुरावा नाही. या काडतुसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मी शिकलो पुण्यात, यंत्र अभियांत्रिकी. पोट भरलं टेक्सासात, दाबाखालच्या टाक्या आणि नळ्या यांच्या कामात. काडतुसं भरायला लागून तीस वर्षं होऊन गेली. या दोन्ही कामांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पोलाद तक्रार करत नाही, ते सोसतं, सोसतं आणि एक दिवस सुटतं.

आधी आकडे बघू, कारण ‘जरा जास्त’ म्हणजे किती हे आकड्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा सामी ही संस्था ठरवते. ही कारखानदारांचीच संस्था, १९२६ साली स्थापन झालेली. तिच्या कोष्टकात .४५ कोल्टचा कमाल सरासरी दाब आहे १४,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला चौदा हजार पौंड. आपल्या हिशेबात चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ टन. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला उडते, म्हणजे तुझ्या हातात कुकरच्या जवळपास हजारपट दाब असतो, हजारांश सेकंदापुरता का होईना. आता शेजारची घरं बघ. .३८ स्पेशल १७,०००. .३५७ मॅग्नम ३५,०००. .४४ मॅग्नम ३६,०००. .४५४ कॅसुल ६५,०००. रिव्हॉल्व्हर सगळी एकाच जातीची दिसतात, पण त्यांच्या पोटातल्या दाबात चार-साडेचार पटींचा फरक आहे. आणि ‘रुगर ओन्ली’ पानावरची भरणी जाते पंचवीस ते तीस हजारांच्या घरात. तू जे भरलंस ते ‘जरा जास्त’ नाही. ते वेगळं काडतूस आहे, फक्त पितळावर नाव जुनंच आहे.

कंपन्या दुप्पट ताकदीचं बनवतात हे कुठून येतं ते मला माहीत आहे. कारखान्यात प्रत्येक बंदुकीची ‘प्रूफ’ भरणीने परीक्षा होते, आणि ती भरणी नेहमीच्या कमाल दाबापेक्षा साधारण ३० ते ४० टक्के जास्त असते. दुप्पट नव्हे. १४,००० वर ४० टक्के म्हणजे १९,६००. म्हणजे तू ज्या पानावरून भरतोस, त्यावरची वरच्या टोकाची भरणी कारखान्याच्या परीक्षेपेक्षाही कितीतरी वर जाते. शिवाय परीक्षा एकदाच असते. पुलावरून एकदा भरलेल्या ट्रकांची रांग नेऊन चाचणी घेतली, म्हणजे रोज तेवढंच ओझं न्यायला परवानगी मिळाली असं होत नाही.

आता सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं. याच्यावर जरा रेंगाळतो, कारण सगळी कथा इथेच आहे.

सिलिंडरमधलं प्रत्येक भोक, म्हणजे चेंबर, ही दाबाखालची नळी. नळी फाटते ती परिघाच्या दिशेने ताणली जाऊन. जाड भिंतीच्या नळीत तो ताण किती येतो याचं लामेचं सूत्र आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पाठ केलेलं असतं. आतल्या कडेला येणारा ताण म्हणजे दाब गुणिले एक गुणक, आणि तो गुणक बाहेरच्या व आतल्या त्रिज्यांच्या वर्गांची बेरीज भागिले वजाबाकी. .४५ कोल्टच्या चेंबरची आतली त्रिज्या साधारण ०.२४३ इंच. समज, सर्वांत पातळ जागी भिंत ०.०६० इंचाची उरली. म्हणजे १.५२ मिलिमीटर, बरोबर अमेरिकन पेनीच्या जाडीइतकी. गुणक येतो ४.६. १४,००० च्या दाबाला भिंतीत ताण ६४,००० च्या आसपास. ३०,००० च्या दाबाला तोच ताण १,३८,०००. उष्णोपचार केलेलं चांगलं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद कायमचं ताणलं जायला सुरुवात होते ती ढोबळमानाने १ लाख ते १.३ लाखाच्या दरम्यान. समजलं?

हीच भिंत ०.०९० इंचाची केली, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढवली, तर गुणक ३.३ वर उतरतो आणि ३०,००० ला ताण येतो ९८,०००. हा हिशेब ढोबळ आहे. शेजारचं पोलाद थोडा भार उचलतं, पितळही किंचित उचलतं. पण पाऊण मिलिमीटरने केवढा फरक पडतो ते तुला दिसावं म्हणून मांडला. जुन्या कोल्टचा सिलिंडर साधारण १.६५ इंच व्यासाचा. मोठ्या चौकटीच्या (फ्रेमच्या) ब्लॅकहॉकचा सुमारे १.७३. हातात धरून दोन्ही सारखीच वाटतात. तुझ्या पुस्तकातलं दुसरं पान त्या शतांश-आठच्या फरकावर उभं आहे.

आणि अजून एक खोच आहे, शब्दशः खोच. सिलिंडर जागच्या जागी अडकून राहावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला खाचा कोरलेल्या असतात. सहा गोळ्यांच्या बहुतेक सिलिंडरांत ही खाच नेमकी चेंबरच्या पाठीवर येते, म्हणजे जिथे भिंत आधीच सर्वांत पातळ, तिथूनच पुन्हा पोलाद खरवडून काढलेलं. पाच गोळ्यांच्या सिलिंडरात खाच दोन चेंबरांच्या मधल्या भरीव जागेवर पडते. म्हणून फार तगड्या काडतुसांची बरीच रिव्हॉल्व्हर पाचच गोळ्यांची असतात. फुटलेल्या सिलिंडरांची छायाचित्रं पाहिलीस तर चीर बहुतेक वेळा त्या खाचेतून गेलेली दिसेल.

रुगर म्हटलं की सगळं पचतं, असा एक समज आहे. तोही इथेच मोडून टाकतो, कारण उद्या तू रुगर घ्यायला जाशील. १९९३ ला आलेलं रुगरचं मूळ व्हकेरो रिव्हॉल्व्हर मोठ्या चौकटीचं होतं. २००५ ला त्याच्या जागी न्यू व्हकेरो आलं ते कोल्टच्या मापाच्या जवळ जाणाऱ्या, लहान चौकटीचं. कंपनी तीच, नावात फक्त ‘न्यू’ जास्त, आणि ‘रुगर ओन्ली’ भरणी त्यात चालत नाही. त्या पानाचं शीर्षक लिहिलं गेलं तेव्हा हा घोळ अस्तित्वातच नव्हता.

आता तुझ्या त्या तीन पुराव्यांकडे येतो.

प्रायमर सपाट होणं, पितळ चेंबरमध्ये घट्ट बसणं, पितळाच्या बुडाजवळ चकाकती रेघ उमटणं, या सगळ्या खुणा रायफलवाल्यांकडून आल्या आहेत. रायफलची काडतुसं पन्नास-साठ हजारांवर चालतात. तिथे खुणा दिसू लागतात तेव्हा आपण मर्यादेच्या आसपास असतो, म्हणून त्यांना तिथे थोडाफार अर्थ आहे. पितळाला घट्ट चिकटायला आणि प्रायमरच्या वाटीला चपटं व्हायला जो दाब लागतो, तो पितळाचा आणि वाटीचा गुणधर्म आहे. त्यांना काय माहीत की बाहेर कुठलं रिव्हॉल्व्हर आहे? .४५ कोल्टमध्ये १४,००० च्या दुपटीला गेलास तरी पितळ हसतमुखाने बाहेर येईल. .३८ स्पेशलचंही तेच. तुझ्या काडतुसाची धोक्याची घंटा रिव्हॉल्व्हरच्या सहनशक्तीच्या पलीकडे टांगलेली आहे. ती वाजायच्या आधी सिलिंडर जाईल.

हे मी पाहिलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रेंजवर माझ्यापासून चार जागा सोडून एका गृहस्थाचं जुन्या घडणीचं .४५ सुटलं. सिलिंडरचा वरचा अर्धा भाग गेला, वरची पट्टी, म्हणजे टॉप स्ट्रॅप, कमानीसारखी वर वाकली, आणि एक तुकडा छपराच्या पत्र्यात घुसला. त्या गृहस्थाला बोटाला तीन टाके पडले, एवढ्यावर भागलं. रिव्हॉल्व्हरमध्ये मूठ खाली आणि स्फोट वर, त्यामुळे नेमबाजाचा हात पुष्कळदा वाचतो. पण तुकडे वर आणि बाजूंना उडतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे. नंतर आम्ही त्याची आधीची उडवलेली पितळं टेबलावर मांडून पाहिली. सतरा-अठरा होती. प्रायमर गोल, कडा शाबूत. कारखान्यातल्या काडतुसांत मिसळून ठेवली असती तर वेगळी काढता आली नसती.

तुझा तिसरा पुरावा, की सहा उडवली आणि काही झालं नाही. मर्यादेपलीकडचा प्रत्येक बार पोलादात काहीतरी जमा करून ठेवतो. खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग सुरू होते, दर वेळी थोडी सरकते. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी कदाचित अगदी साधं काडतूस असतं, आणि मग मालक शपथेवर सांगतो की भरणी हलकी होती. खरंच हलकी असते. बिल आधीच्या पन्नास बारांचं असतं.

फुटण्याच्या आधीचं नुकसान कमी नाट्यमय असतं, त्यावर थोडक्यात सांगतो. सिलिंडर पुढेमागे खेळू लागतो. बॅरलच्या मागच्या तोंडाशी, ज्याला फोर्सिंग कोन म्हणतात तिथे, चीर पडते. वरच्या पट्टीच्या पोटाला उष्ण वायू खाचा पाडतो. सिलिंडर आणि बॅरल यांच्यातली फट, जी साधारण ०.००४ ते ०.००८ इंच असावी, वाढत जाते. फीलर गेज घे आणि आज तुझ्या रिव्हॉल्व्हरची फट मोजून लिहून ठेव.

आता ‘अर्धा ग्रेन’. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, पौंडाचा सात हजारावा भाग. अर्धा ग्रेन म्हणजे चिमटीत न येणारी गोष्ट. मग एवढ्याशाने काय होतं? धूरविरहित दारू (ही वेगळी दारू, घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवताना सांभाळ) ज्या वेगाने जळते तो वेग स्थिर नसतो. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. ज्याने १८८४ ला पहिली यशस्वी धूरविरहित दारू बनवली, त्या पॉल व्हिएयच्या नावाचा नियमच आहे यावर. म्हणून मात्रा दहा टक्के वाढवलीस तर गोळीचा वेग दहा टक्क्यांपेक्षा कमी वाढतो, आणि दाब दहा टक्क्यांपेक्षा बराच जास्त. टोकाला गेलास की वेग जवळजवळ थांबतो आणि दाब एकटाच वर जातो. सौदा दर पावलाला महाग होत जातो.

आणि दाब फक्त दारूच्या वजनाने ठरत नाही. गोळी जराशी खोल बसवलीस की आतली मोकळी जागा कमी होते, आणि दाब चढतो. लहान पोटाच्या काडतुसांत हे फार जाणवतं. गोळी शिशाची की तांब्याच्या आवरणाची, प्रायमर साधा की मॅग्नम, पितळ कुठल्या कंपनीचं, सिलिंडरच्या तोंडाचं माप किती घट्ट, दारूचा डबा टेक्सासच्या जुलैत गाडीत राहिला होता का, हे सगळं हिशेबात येतं. पुस्तकातला आकडा हा त्या एका गोळीचा, त्या एका प्रायमरचा, त्या प्रयोगशाळेतल्या नळीचा आकडा असतो. तू एक घटक बदललास की तो आकडा तुझा राहत नाही. म्हणून खालून सुरुवात करायची. आणि ‘खालून’ म्हणजे आपल्या मनाने नव्हे, पुस्तकात सुरुवात म्हणून दिलेल्या मात्रेपासून. एच-११० आणि विंचेस्टर २९६ या दोन नावांनी विकल्या जाणाऱ्या एकाच दारूबद्दल तर होजडन कंपनी बजावते की दिलेल्या मात्रेपेक्षा ३ टक्क्यांहून कमी करू नका, नाहीतर ती नीट पेटत नाही आणि गोळी बॅरलमध्येच अडकू शकते. अडकलेल्या गोळीच्या मागे दुसरी सोडलीस तर बॅरल फुगते किंवा फुटते. ‘फुस्स’ असा आवाज आला की थांबायचं, रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं आणि बॅरलमधून सळई घालून बघायचं. घाईत असलेला माणूस इथे मार खातो.

तू विचारलेलं नाहीस, पण .४५ कोल्टचा सर्वांत मोठा धोका मी अजून सांगितलाच नाही. हे काडतूस १८७३ चं, काळ्या दारूचं. मूळ भरणी ४० ग्रेन काळी दारू, काठोकाठ. दुप्पट भरायची म्हटलं तरी जागा नव्हती, म्हणून चूक अशक्य होती. आजची वेगवान दारू त्याच्या पाव भागाहूनही कमी लागते. मोठ्या डब्याच्या तळाशी दोन चमचे साखर, तशी. दुसऱ्यांदा पडली तरी डब्याला पत्ता लागत नाही, आणि गोळी तितकीच छान बसते. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरांना काळ्या दारूच्या सौम्य दाबाची सवय होती. कोल्टने स्वतः आपल्या सिंगल ॲक्शनला धूरविरहित दारूची हमी दिली ती १९०० साली. आजोबांच्या पेटीत त्याआधीचं रिव्हॉल्व्हर सापडलं तर ते भिंतीवर शोभून दिसतं, तिथेच ठेवावं.

दुहेरी भरणीची माझी स्वतःची गोष्ट सांगतो. खरं तर सांगायला आवडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली. गॅरेजमध्ये प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्रावर, बसलो होतो. पितळ पुढच्या टप्प्यावर नेणारी तबकडी हाताने फिरवायची होती, आपोआप सरकणारी नव्हती. आईचा पुण्याहून फोन आला. तेव्हा पुण्याहून फोन येणं ही साधी गोष्ट नव्हती, उठलो, बोललो, परत येऊन बसलो आणि पुढे भरत गेलो. रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात आलं, उठलो तेव्हा तबकडी फिरवली होती का? आठवेना. सकाळी काडतुसं मोजली तर दोनशे झाली होती, आणि फोन कुठल्या काडतुसापाशी आला ते सांगता येत नव्हतं. वाटलं वजन करून दुहेरी ओळखू. तसं होत नाही. पितळांच्या आणि शिशाच्या गोळ्यांच्या वजनात आपसांत जेवढा फरक असतो, त्यात लहानशी मात्रा आरामात लपून जाते. शेवटी गोळी काढायचा हातोडा घेतला आणि एकेक करून सगळी फोडली. दोन संध्याकाळी गेल्या. एकशे एक्केचाळिसाव्यात दुप्पट दारू निघाली.

त्या दिवसानंतर माझ्या टेबलाचे नियम बदलले. उठलो की प्रेसवरचं जे पितळ अर्धवट आहे ते रिकामं करूनच परत बसायचं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. मात्रा टाकलेली सगळी पितळं ठोकळ्यावर ओळीने उभी करून, विजेरी घेऊन प्रत्येकाच्या आत डोकावायचं, मगच गोळी बसवायची. तराजू दर वेळी ठरलेल्या वजनांनी तपासायचा. आणि मोठ्या पितळासाठी शक्यतो फुगीर दारू निवडायची, जी दुप्पट पडली तर काठावरून ओघळून स्वतःच बोंब मारते. रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या कथांत पुष्कळ जण कमी मात्रेच्या कुठल्याशा गूढ विस्फोटाला दोष देतात. माझ्या अनुभवात गूढ फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा फोन वाजलेला असतो.

तुझ्या आधी शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न एकाने विचारला होता, आणि उत्तर त्याला हातातच मिळालं. एल्मर कीथ, आयडाहोकडचा गुराखी आणि पुढे बंदुकांवर लिहिणारा मोठा माणूस. ४ जुलै १९२५ ला त्याने सणाचा बार म्हणून आपलं .४५ कोल्ट हवेत उडवलं. आत रायफलची जड गोळी आणि दाबून भरलेली काळी दारू होती. सिलिंडरचा वरचा भाग आणि वरची पट्टी गेली. कीथने त्यातून जो धडा घेतला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने तेच काडतूस जरा कमी करून पुन्हा भरलं नाही. तो .४४ स्पेशलकडे वळला, कारण गोळी किंचित बारीक, म्हणजे त्याच मापाच्या सिलिंडरात चेंबर लहान आणि भिंत जाड. तीस वर्षं तो त्या दिशेने खटपट करत राहिला, आणि १९५५-५६ च्या सुमारास त्यातून .४४ मॅग्नम आलं.

आणि त्याआधीची १९३५ ची गोष्ट. .३८ स्पेशलचं तगडं रूप म्हणून .३५७ मॅग्नम काढलं, तेव्हा त्याचं पितळ मुद्दाम ०.१३५ इंचाने लांब केलं. दारूसाठी जागा हवी होती म्हणून नव्हे. ते जुन्या .३८ मध्ये शिरूच नये म्हणून. कुलूप लावलं म्हण ना. तुझ्या ‘रुगर ओन्ली’ काडतुसाला असं कुलूप नाही. ते जगातल्या प्रत्येक .४५ कोल्ट चेंबरमध्ये गुपचूप जाऊन बसेल. तू लक्षात ठेवशील, पण तो डबा तुझ्या मेहुण्याच्या हातात पडला तर? तू नसताना कुणी तुझं कपाट आवरलं तर? म्हणून दोन गोष्टी कटाक्षाने पाळ. दुसऱ्याची भरलेली काडतुसं आपण उडवायची नाहीत, आणि आपली दुसऱ्याला द्यायची नाहीत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. पण फुकट दिलेल्या डब्यालाही सिलिंडर तितकाच फाटतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ खाली काडतुसं बनवायलाच परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. तुमच्या .३२ साठी खडकीच्या कारखान्याची, बुडावर ‘केएफ’ असलेली काडतुसं दुकानातून घ्यायची आणि पावती जपून ठेवायची. घरी काही उघडून बघायच्या फंदात पडू नका.

आता तुझ्यासाठी. वेगमापक यंत्र, क्रोनोग्राफ, आधी घे. पुस्तकात दिलेल्या वेगापेक्षा तुझी गोळी जास्त पळत असेल, तर दाबही जास्त आहे, मग दारू कितीही कमी घातलेली असो. फुकटचा वेग कुठूनही येत नाही. साध्या पानावरच्या मात्रेत राहा. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला आठशे-साडेआठशे फूट पळते, आणि या काडतुसाने दीडशे वर्षं तेवढ्यावरच नाव कमावलं आहे. मला मात्रा विचारलीस, तर देणार नाही. रागावू नकोस. कुणाच्याही तोंडून ऐकलेला आकडा वापरायचा नाही, माझ्याही नाही. दारू ज्या कंपनीची, तिच्याच चालू वर्षाच्या कोष्टकातून घ्यायचा. आणि खरंच धक्का हवा असेल, तर जुनं .४४ मॅग्नमचं सुपर ब्लॅकहॉक शोध. पुण्यातली माणसं घासाघीस करतात तशी केलीस तर बऱ्या भावात मिळतं.

रिव्हॉल्व्हर एकदा बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे ने. सहा बार का असेनात, ते कुठल्या दाबाचे होते ते आपल्याला माहीत नाही. त्याला सांग की सहाही खाचांचा तळ भिंगाने बघ, भेग दाखवणारा रंग लाव, आणि सिलिंडरचा खेळ मोज. खरं काय भरलं होतंस ते लाज न बाळगता सांग. डॉक्टरसमोर जसं बोलतो तसं.

त्या चव्वेचाळिसांसाठी हातोडा पंधरा-वीस डॉलरला मिळतो. डोळ्यांना चष्मा लाव, सिमेंटच्या फरशीवर नको, लाकडाच्या ओंडक्यावर ठोक, एका वेळी एकच. गोळ्या आणि पितळ पुन्हा चालतील. प्रायमर जिवंत असलेली पितळं वेगळ्या डब्यात ठेव आणि वर तारीख घाल. दारू मूळ डब्यात परत ओतू नकोस. एवढी थोडी आहे, अंगणातल्या गवतावर पातळ पसरून टाक. आणि ठोकताना प्रत्येकातली दारू तराजूवर टाकून वहीत वजन लिही. चव्वेचाळीस आकडे झाले की मला पाठव. तुझा प्रेस किती सरळ चालतो ते त्यावरून कळेल, मग पुढचं बोलू.